तहानाईच्या गाठी

भीमा गोंधळ्यानं आयुष्यात एकच देवी स्वतःच्या मनानं घडवली, आणि नेमकी तीच त्याच्या लेकीच्या मानगुटीवर बसली. बाकीच्या देवी त्याला वाडवडिलांकडून आयत्या मिळाल्या होत्या. त्यांची ठाणी, वाहनं, राग-लोभ सगळं बापानं आठव्या वर्षापासून घोकून घेतलेलं. देवणीच्या आसपास कुठंही लग्नाचा गोंधळ असला की भीमा कवड्यांची माळ घालून उभा राहायचा, थोरला भाऊ शेषेराव संबळ अडकवायचा, आणि एकदा भीमाचं तोंड सुटलं की मांडवातली पोरंसोरंसुद्धा जागची हलायची नाहीत. लगीनसराई संपली की तो लोकांची घरं रंगवायचा. तेव्हाही शिडीवर उभं राहून खाली बसलेल्या म्हाताऱ्यांना काहीबाही सांगत असायचा. रंग कमी आणि गप्पाच जास्त, अशी घरवाल्यांची तक्रार असायची आणि ती खरी होती.

त्याला एक खोड होती. ऐकलेल्या कथेत तो स्वतःचं घुसडायचा. देवीनं राक्षसाला एकदा मारलं असं परंपरेनं सांगायचे, तर भीमा तिला दोनदा मारायला लावायचा, कारण मधल्या वेळात राक्षस काय म्हणाला हे सांगायला त्याला मजा वाटायची. बापानं यापायी त्याला लहानपणी बडवलं होतं. खोड काही गेली नाही. माणसाची खोड त्याचं वाटोळं करते म्हणतात त्यातलाच हा प्रकार, पण भीमाच्या बाबतीत आधी तिनं त्याची लेक जगवली, हेही सांगायला हवं.

तनुजा त्याची एकुलती एक. सात महिन्यांची असताना पोरगी पांढरीफटक पडली, दूध ओढीना. लातूरच्या दवाखान्यात निदान झालं, थॅलेसेमिया. अंगात तयार होणारं रक्त टिकतच नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवायचं, जन्मभर. भीमा आणि त्याची बायको रेणुका, दोघांच्याही रक्तात तो दोष थोडा थोडा होता. दोघांना कधी काही झालं नव्हतं, पोरीत मात्र तो एकत्र आला. त्यात तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. या गटाची माणसं हुडकून काढावी लागतात. भीमानं देवणी, उदगीर, लातूर पालथं घालून सात माणसं हुडकली. ती आळीपाळीनं लातूरला येऊन रक्त देऊन जायची.

तनू पाच वर्षांची असताना, उदगीर सोडून एसटी लातूरच्या रस्त्याला लागली होती तेव्हा, तिनं खिडकीतून तोंड आत घेऊन विचारलं, “बा, तू इतकं देवीचं गातूस. मग तिनं माझंच रगत का कमी केलं?”

वीसपंचवीस वर्षं भीमा देवीचा हुकमी बोलका होता, आणि या एका प्रश्नापुढं त्याची दातखीळ बसली. पूर्वजन्म, भोग, परीक्षा, असलं लोकांना सांगायला त्याच्याकडं पोतंभर होतं. पण मांडीवर बसलेल्या, हाताला सुईचे डाग पडलेल्या पोरीला ते सांगायला त्याची जीभ धजेना. मग तो एकदम म्हणाला, “अगं, आपला कारभार हितल्या देवाकडं न्हाईच. आपलं जगच येगळं हाय.”

आणि लातूर येईपर्यंत त्यानं एक जग उभं केलं.

ते जग म्हणजे एक उतरंड होती. एकावर एक सात मडकी, आणि प्रत्येक मडक्यात एकेक मुलूख. सगळ्यात वरच्या मडक्यावर झाकणासूर बसलेला. तो ढिम्म हलायचा नाही, म्हणून खाली उजेड पोचायचा नाही, आणि त्याला हलवायला देवांनी काय काय युक्त्या केल्या ते सांगताना तनू हसून हसून सीटवरून घसरायची. मधल्या मडक्यात हळुबा राहायचा. हळुबा हा फार मोठा देव नव्हे. एका पायानं लंगडा, सगळीकडं उशिरा पोचणारा. पण ज्याला सुई टोचतात त्याच्या शेजारी तो येऊन बसायचा आणि अर्धं दुखणं आपल्या अंगावर घ्यायचा. तनूला सुई लागली की ती डोळे मिटून म्हणायची, “आला गं हळुबा.” मनिषा सिस्टर म्हणायच्या, एवढं शांत लेकरू अख्ख्या वॉर्डात नाही.

आणि सगळ्यात तळाच्या मडक्यात होती तहानाई. ती जन्मतःच तहानलेली. जगातलं सगळं रक्त आपलंच आहे असं तिला वाटायचं. देव तिला राक्षसीण म्हणायचे, पण समोर आली की हात जोडायचे. ही तहानाई भीमानं का काढली, तर पोरीला रक्त देणाऱ्या माणसांची किंमत कळावी म्हणून. तो सांगायचा, जो माणूस दुसऱ्याला रक्त देतो तो तहानाईच्या तोंडचं काढून देतो. ती त्याच्या नावाच्या काळ्या दोऱ्याला एक गाठ मारते. म्हणून रक्त देणारा माणूस देवापेक्षा धीट. हे नुसतं सांगून भीमा थांबला असता तर तो भीमा कसला. त्यानं घरी खरोखरच सात काळे दोरे खुंटीला टांगले, प्रत्येकाला एकेका माणसाचं नाव दिलं, आणि लातूरहून आलं की ज्यानं रक्त दिलं त्याच्या दोऱ्याला तनू गाठ मारायची. मारून झाली की दोऱ्याला हात जोडायची.

“बा, गाठी लई झाल्या की मग?” तिनं एकदा विचारलं.

“एकवीस झाल्या की तहानाई दोरा वढती,” भीमा बोलून गेला. गोंधळ्याच्या तोंडी एकवीस आकडा असतोच. एकवीस पावलं, एकवीस नारळ, एकवीस वेळा. पुढं काही विचार नव्हता. भिंतीला रंग मारता मारता तो हे बोलला होता आणि लगेच ब्रश बुडवायला वळला होता.

सात जणांत सगळ्यात जास्त गाठी नजीरमामूच्या दोऱ्याला होत्या. नजीर म्हणजे देवणीतला गाद्या भरणारा. अंगावर कायम कापूस, दाढीत कापूस, बोलताना उडायचा. दर तीन महिन्यांनी, तारीख आली की भीमाच्या आधी तोच स्टँडवर उभा. रक्त देऊन झालं की तनूच्या खाटेशी यायचा आणि म्हणायचा, “बेटा, मेरा वाला चढा क्या? आता गादीवर उड्या मारशील बघ.” तनूला त्याचा फार लळा होता. एकदा तर तिनं रेणुकाला सांगितलं होतं, की माझ्यात थोडा कापूस पण असंल.

तनूला अकरावं लागलं होतं. या पावसाळ्याच्या आधी नजीरनं रक्त दिलं. तनूनं घरी येऊन गाठ मारली. त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी दुकानात गादी शिवता शिवता नजीर पुढं कोसळला आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला. भीमा मातीला जाऊन आला, दारात पाय धुतले, आणि आत बघतो तर तनू खुंटीखाली बसलेली. मांडीवर नजीरमामूचा दोरा.

“एकवीस,” ती म्हणाली.

भीमाला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्याला रडू येत होतं, नजीर त्याचा दोस्त होता. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूला जाऊन बसला.

पुढच्या तारखेला लातूरला तनू निमूट आली, निमूट खाटेवर झोपली. त्या वेळी रक्त सातांपैकीच उदगीरच्या दयानंद लाइनमननं दिलं होतं. सिस्टरनं सुई लावली, पिशवी टांगली, आणि पहिला थेंब नळीत उतरायच्या आत तनूनं सुई उपसून काढली. पिशवी खाली पडून फुटली. चादर, फरशी, सिस्टरच्या चपला, सगळं लालभडक.

“दयानंदकाकाच्या चौदा झाल्यात!” ती किंचाळत होती. “त्याला सांगा देऊ नको! बा, सांग की त्याला!”

वॉर्डातल्या कुणालाच काही समजेना. एकट्या भीमाला समजलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “हातपाय धरून एकदा देता येईल. झोपेचं इंजेक्शन देऊनही एकदा देता येईल. पण तिला दर तीन आठवड्यांनी लागतं, भीमराव. दर वेळी बांधणार आहात का? आणि जागी झाल्यावर ती काय करेल, याची खात्री कोण देणार? रक्त मिळायला तीन-चार दिवस जातील. तोवर तिची समजूत काढा. तुम्ही गोष्टी सांगणारे, तुम्हाला काय अवघड?”

शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता. भीमाला मात्र तो लागला.

घरी आल्यावर रेणुका खुंटीवरचे दोरे ओरबाडायला धावली. तनू मधे पडली, दोरे छातीशी धरून कोपऱ्यात बसली. रेणुका नवऱ्याकडं वळली. “तुमच्या तोंडाला कधी टाळं लागंल हो? सांगा तिला आता, समदं खोटं हाय म्हणून. आत्ता सांगा.”

भीमा लेकीसमोर बसला. “तनू, बाळा, तहानाई बिहानाई काय न्हाई. म्या रचली ती. माझ्या मनानं. नजीरमामूला हार्टअटॅक आला.”

“खोटी हाय?”

“हाव. साफ खोटी.”

तनूनं हळू आवाजात विचारलं, “मग हळुबा?”

भीमा अडकला. हळुबा खरा म्हणावा तर त्याच मडक्यांच्या उतरंडीत तहानाई बसलेली. उतरंडीतलं तळचं मडकं काढलं तर वरचं कशावर राहणार? शेवटी तो कसाबसा म्हणाला, “तोबी... गोष्टच.”

ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या दिवसापासून तिनं गोष्ट सांग म्हणणं सोडलं, जेवण सोडल्यात जमा झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी घरी द्यायला शिकवलेलं, अंगात साठलेलं लोह उतरवणारं पोटातलं लहान इंजेक्शन, जे ती इतकी वर्षं हूं की चूं न करता घ्यायची, त्याला हात लावला तरी हंबरडा फोडू लागली. शेजारी बसणारा कुणी उरला नव्हता ना. आणि तहानाई मात्र गेलीच नाही. देव खोटा म्हटलं की पोरांचा लगेच विश्वास बसतो, राक्षस खोटा म्हटलं की बसत नाही. भीमानं हात घातला आणि नेमका नको तो देव मारला.

दिवस जाऊ लागले. रक्त दोनदा जुळून आलं, दोनदा तनू घराच्या उंबऱ्याला मिठी मारून बसली. तिला उचलून रिक्षात घातलं तर धाप लागून ओठ पांढरे पडले, म्हणून पुन्हा उतरवलं. देवणीच्या डॉक्टरनं बोटातलं रक्त तपासून हिमोग्लोबिन बघितलं. सहा. आठवड्यानं पाच. पोरीचे पाय सुजले, कानाच्या पाळ्या मेणासारख्या झाल्या. भीमानं लग्नाची दोन बोलावणी परत पाठवली. शेषेराव म्हणाला, अरे जा, देवीचं काम हाय. भीमा म्हणाला, देवीला म्हणावं माझी पोरगी हितं मरून राहिली.

शेवटी तो नजीरच्या घरी गेला आणि दारातल्या पडद्यासमोर बसला. नजीरची बायको दिलशाद अजून इद्दतीत होती, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायची नाही. पडद्याआडून तिनं सगळं ऐकलं, आणि तिचा संताप संताप झाला.

“या अल्ला! मेरे आदमी को तुम्हारी चुडैल ले गई, हे सांगितलं तुम्ही पोरीला? भीमाभाई, त्यांचं नाव त्या डायनच्या दोऱ्याला बांधलं? शरम नाही वाटली?”

“भाबी, मारा मला. पण तिला येवढं एक सांगा, की मामू आजारानं गेला. तुमचं ऐकंल ती.”

भीमानं दुसऱ्या दिवशी तनूला खांद्यावर टाकून तिच्याकडं आणलं. दिलशादनं पोरीची अवस्था पाहिली आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिला पडद्याआड मांडीवर घेऊन म्हणाली, “बेटा, कुणी राक्षसीण नाही नेलं त्यांना. त्यांचं दिल दोन सालापासून खराब होतं. डॉक्टरनं सांगितलेलं. गोळ्या चालू होत्या.”

तनूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. आजारी पोरांना दवाखान्यातलं सगळं ठाऊक असतं. “दिल खराब असलं तर रगत देऊ देत न्हाईत,” ती म्हणाली. “तितं इचारतात. कागदावर लिहून घेतात.”

दिलशादनं तिला जरा जवळ ओढलं.

“मग मामूनं कसं दिलं?”

दिलशादला खोटं बोलता आलं असतं. पण मेलेल्या नवऱ्याबद्दल, त्याच्याच घरात, तिला ते जमलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “छुपाते थे, बेटा. कागदावर नाही लिहायचे. मी लई भांडले. बोलायचे, एक बच्ची है, कितना लगता उसको.”

तनू मान हलवून म्हणाली, “म्हंजी माझ्यामुळंच.”

पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भीमालाही हे ठाऊक नव्हतं. आपण रंग मारता मारता जी थाप मारली, ती कुठं थाप राहिली, असं त्याला वाटलं. इकडं एक माणूस खरंच जिवावर उदार होऊन रक्त देत होता आणि आपण त्याची गोष्ट करून पोरीला हसवत होतो.

घरी परत येताना खांद्यावरच्या तनूनं त्याच्या कानाशी विचारलं, “बा, तू का दिलं न्हाईस कधी?”

“माझं चालत न्हाई गं. माझ्या रगतातबी तुझाच दोष हाय थोडा. घेत न्हाईत डॉक्टर.”

“बरं,” ती म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही हे भीमाला कळलं नाही, आणि मान वळवून तिच्याकडं बघायचं धाडसही झालं नाही.

तपासणीत चार आलं तेव्हा लातूरहून डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. आता एक-दोन दिवसांच्या वर थांबू नका, हृदयाला झेपणार नाही. नागसेन नावाचा एक विद्यार्थी रक्त द्यायला तयार आहे. कसंही करून आणा. रेणुकानं फोन ठेवला आणि कपाटातून दोन जुन्या साड्या काढून त्याच्या पट्ट्या फाडायला घेतल्या. पोरीला बांधायला. फाडताना ती रडत नव्हती. भीमानं त्या पट्ट्यांकडं बघितलं आणि तो तडक भावाकडं गेला.

“दादा, संबळ घे. गोंधळ घालायचाय.”

“आत्ता? दुपारी? कुणाचा?”

“तहानाईचा.”

शेषेराव साठीकडं झुकलेला, देवभोळा माणूस. त्यानं कानावर हात ठेवले. “जी न्हाईच तिला चौकावर बोलवतूस? भीमा, गोंधळात नाव घेतलं की यावं लागतंय. कोण यील ठाव हाय का तुला?”

“कुणीबी येऊ दे. पोरगी घालवली तर पुन्हा संबळ कुणापुढं वाजवणार हाईस?”

शेषेरावनं मुकाट्यानं संबळ उचललं.

भर दुपारी तीन वाजता, दार उघडं ठेवून, भीमानं घरात पाट मांडला. ज्वारीचा चौक भरला, वर कलश ठेवला, कडब्याची पाच ताटं उभी केली. कवड्यांची माळ घातली, दिवटी पेटवली. तनूला उशांना टेकवून समोर बसवलं. शेजारच्या बायका दाराशी गोळा झाल्या, पण आत यायला कुणी धजेना. गोंधळी कधी स्वतःच्या घरी यजमान नसतो, आणि हा तर गोंधळीही तोच आणि यजमानही तोच.

भीमानं गायला सुरुवात केली. आधी त्यानं झाकणासुराला बोलावलं, मग मडक्यामडक्यातल्या लहानमोठ्या देवांना. हळुबाचं नाव घेताना त्याचा आवाज फाटला, कारण आपणच महिन्याभरापूर्वी त्याला खोटं ठरवलं होतं. शेवटी तो तळाच्या मडक्याशी आला. “तहानाई, जन्माची उपाशी, गोंधळा ये. तळाचं मडकं सोडून ये, पाटावर बस, माझा सवाल ऐक.” शेषेरावचा ठेका चुकला नाही.

गोंधळात एक रीत आहे. कुणाचा नवस फेडायचा राहिला असेल तर दुसरा माणूस तो आपल्या नावावर घेऊ शकतो. घेतला म्हणजे घेतला, पहिला मोकळा. लोक बापाचे, भावाचे, मेलेल्या चुलत्याचेसुद्धा घेतात. भीमानं तीच रीत धरली. राहिलेल्या सहा जणांचे सहा दोरे त्यानं एकेक करून चौकावर ठेवले, एकेकाचं नाव घेतलं आणि म्हणाला, “याच्या गाठी माझ्या. आजवरच्या आणि इथून पुढच्या. देणारा मोकळा.” प्रत्येक दोरा उचलून त्यानं स्वतःच्या उजव्या मनगटाला बांधला. सहाही बांधून झाले तेव्हा शेषेरावनं संबळ थांबवलं. घरात फक्त तनूच्या धापेचा आवाज येत होता.

“आता त्यांना काय हुणार न्हाई?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“नव्या दादालाबी न्हाई?”

“त्याची गाठबी मलाच.”

“संबळाची आण?”

भीमानं संबळावर हात ठेवला. “आण.”

तनू त्याच्या मनगटाकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, “चल लातूरला.”

रेणुकानं फाडलेल्या पट्ट्या तशाच टाकल्या आणि पिशवी उचलली. शेजाऱ्याची जीप मिळाली. देवणी ते लातूर तनूनं बापाचा उजवा हात मांडीवर घेतला होता आणि दोऱ्यांवरून बोटं फिरवत होती. पोरीनं माफ केलं आपल्याला, असं भीमाला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती जरा मोकळी झाली. जमलं बाबा, आपल्या तोंडानं बिघडवलं ते आपल्याच तोंडानं निस्तरलं, असंही कुठंतरी वाटून गेलं. गोंधळ्याची घमेंड अशी सहजी जात नाही.

दवाखान्यात नागसेन आधीच रक्त देऊन बाकावर बसला होता, किडकिडीत, चष्मा लावलेला. तनूनं त्याचं नाव विचारून घेतलं. खाटेवर झोपली, हात पुढं केला. सुई लागली तेव्हा तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही, फक्त ओठ चावला. नळी लाल झाली. थेंब पडू लागला. रेणुका दाराबाहेर जाऊन बसली. भीमा खाटेशी स्टुलावर बसला.

बऱ्याच वेळानं तनू म्हणाली, “बा, तुझ्या हाताला अडुसष्ट गाठी हायत.”

भीमाच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. त्यानं मोजलंच नव्हतं. कधीच मोजलं नव्हतं. सहा माणसांच्या सगळ्या गाठी एका मनगटावर घेताना एकवीसचा आकडा त्याच्या मनातसुद्धा आला नाही.

“जीपमधी मोजल्या. दोनदा मोजल्या,” ती हळूहळू, दम घेत बोलत होती. “एकवीसाला ती वढती. तू तर आजच मेला असतास. मग म्या इच्चार केला. गाठी तुझ्याकडं हायत, पर रगत तर माझ्याकडं हाय. तिला पायजे ते माझ्यातनंच घ्यावं लागंल न्हवं?”

“तनू...”

“ऐक की. माझ्यात समद्यांचं एकात एक झालंय. दयानंदकाकाचं, उदगीरच्या मॅडमचं, ह्या नव्या दादाचं. कुणाचं कोणतं तिला कळणारच न्हाई. आई तूरडाळ निवडती तसं निवडत बसावं लागंल. तिचं निवडून हुतंय न हुतंय तवर म्या पुन्हा नवं घ्यायचं. म्या घेणं थांबवलं की तिचं काम झालं. म्हणून थांबवायचंच न्हाई. म्या म्हातारी होईस्तोर बसंल निवडत. तवर तुला हात लावता येत न्हाई तिला.”

भीमानं पोरीकडं बघितलं. आपण तिला वाचवायला गोंधळ घातला आणि ती इथं आली ती आपल्याला वाचवायला, हे त्याला आता कळलं. त्याच्यासाठी सुई लावून घेतली होती तिनं, शेजारी कुणी देव न बसवता.

“नजीरमामूच्या येळेला मला हे सुचलंच न्हाई, बा,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

भीमाला बोलायचं होतं. तुझा काही दोष नाही, हे सांगायचं होतं. पण त्याच्या कानात एकच शब्द घुमत होता, म्हातारी. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं त्याच्यापुढं तो शब्द उच्चारला नव्हता, आणि त्यानंही कधी विचारायची हिंमत केली नव्हती. तहानाई खरी असावी, असं त्या घटकेला त्याला पोटातून वाटलं. ती असती तर तिला पोरीनं अशी फसवली असती, वर्षानुवर्षं निवडत बसवली असती. दुखण्याला कुणी कसं फसवायचं?

त्यानं दोरे बांधलेला हात तिच्या हाताखाली सरकवला.

“हाव,” तो म्हणाला. “म्हातारी होईस्तोर.”